ऑर्डरी आटल्या की ऑर्डनन्स फॅक्टरीनं काय करायचं? (वरणगाव-भुसावळच्या निमित्तानं)

तापीकाठ
राम राम मंडळी. धागा जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझे वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून, म्हणजे सेनेसाठी काडतुसं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यातून, निवृत्त झाले. फॅक्टरी १९६४ची, आणि आमच्या घराचं घड्याळ म्हणजे तिचा भोंगा. सकाळचा भोंगा व्हायच्या आत आईची कळण्याची भाकरी डब्यात गेलेली असायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी 'फॅक्टरीत' किंवा मग भुसावळला रेल्वेत.

आता मुलगा आयटीआय पूर्ण करतोय, मशिनिस्ट ट्रेड. अप्रेंटिसशिप ऑर्डनन्सला करायची की चाकणला एखाद्या गाडीच्या कंपनीत, यावर घरात महिनाभर खल चाललाय. वडील म्हणतात फॅक्टरी, बायको म्हणते चाकण. मुलगा दोघांचं ऐकून घेतो आणि गप्प बसतो.

माझा प्रश्न नोकरीपुरता नाही. सरकारनं लष्करी खर्चाला कात्री लावली की असे कारखाने काय करतात? इतर देशांत काय झालं? कोण तगलं, कोण बुडालं आणि का? ज्यांनी आतून पाहिलंय किंवा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी लिहावं. मला खरंच समजून घ्यायचंय.

अर्थवाचक
तापीकाठ, प्रश्न चांगला आहे, पण आपल्याकडे कात्री लागलेली नाही. २०२४-२५ ला संरक्षणाची तरतूद ६.२१ लाख कोटी रुपये होती, २०२५-२६ ला ६.८१ लाख कोटी. आकडा दरवर्षी वाढतोय.

मात्र त्यातले सुमारे १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत. नवी शस्त्रं, जहाजं, विमानं यांसाठीचा भांडवली खर्च १.८० लाख कोटी. उरलेल्यातला मोठा वाटा पगार आणि रोजच्या खर्चाचा. देशाच्या एकूण उत्पन्नाशी तुलना केली तर संरक्षणाचा वाटा दोन टक्क्यांच्या आतबाहेर येऊन थांबलाय. तेव्हा 'आटतंय' म्हणण्यापेक्षा 'दुसरीकडे वळतंय' म्हणणं बरोबर ठरेल.

निवृत्त मशिनिस्ट
अर्थवाचक साहेब, तुमचे आकडे बरोबर असतील. पण शॉपमध्ये उभ्या असलेल्या माणसाला बजेट दिसत नाही, त्याला इंडेंट दिसतो. सेनेनं यंदा किती नग मागितले, बस. देशाचं बजेट दुप्पट झालं आणि आपल्या वस्तूचा इंडेंट निम्मा झाला, तर आपल्यापुरता दुष्काळच.

मी ३४ वर्षं काढली. कुठल्या कारखान्यात ते लिहीत नाही, जिथलं खाल्लं तिथलं नाव चव्हाट्यावर नको. 'लोड नाही', म्हणजे काम नाही, हे दोन शब्द मी फार ऐकलेत. आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग पीसवर्कचे, म्हणजे नगांवर मिळणारे, पैसे घटतात. मग माणसाला त्याच्या मशिनवरून काढून दुसऱ्याच सेक्शनला बसवतात. पगार चालू राहतो, कोणी उपाशी मरत नाही, पण हात जातो. हा सगळ्यात मोठा तोटा, आणि तो कुठल्या ताळेबंदात येत नाही.

काडतुसाची केस कशी बनते ते सांगतो, म्हणजे 'हात' कशाला म्हणतो ते कळेल. पितळेचा एक छोटा वाटीसारखा कप येतो. तो प्रेसमध्ये ओढून लांब करायचा. ओढला की पितळ कडक होतं, म्हणून भट्टीत तापवून नरम करायचं (यालाच ॲनिलिंग म्हणतात), परत ओढायचं, परत नरम करायचं. मग बूड घडवायचं, तोंड आवळायचं. भट्टीचा ताव थोडा इकडेतिकडे झाला तर केस फायरिंगच्या वेळी तडकते. डायला, म्हणजे केसला आकार देणाऱ्या पोलादी साच्याला, बारीक ओरखडा पडला तर तो प्रत्येक केसवर उमटतो. जुना माणूस प्रेसच्या आवाजावरून सांगतो की डाय बदला. हे पुस्तकात नाही. दोन-तीन वर्षं लाइन बंद राहिली आणि तेवढ्यात तो माणूस निवृत्त झाला, तर नव्याला शिकवायला कोणी उरत नाही.

भरीतभाकरी
काका, डोळ्यांसमोर प्रेस उभं केलंत. असं अजून लिहा.

इतिहासवेडी
निवृत्त मशिनिस्ट काकांना नमस्कार. मी थोडी मागे जाते.

आपल्या देशात ही वेळ एकदा येऊन गेलीये. पन्नासच्या दशकात संरक्षणावर फार खर्च करायचा नाही असं धोरण होतं. कृष्ण मेनन १९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाले, त्या काळात ऑर्डनन्स कारखान्यांतली रिकामी क्षमता वापरायची म्हणून नागरी वस्तू काढायला लागले. त्यातलं कॉफीचं पर्कोलेटर सगळ्यात गाजलं. पुढे १९६२ ला चीननं हल्ला केला, सैनिकांकडे धड बंदुका नव्हत्या, आणि संसदेपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे त्या पर्कोलेटरचा उद्धार झाला. मेनन गेले, यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, खर्च वाढला, नवे कारखाने उभे राहिले. वरणगाव त्याच लाटेतलं. भुसावळची फॅक्टरी त्याआधीची, १९४९ची.

मला मात्र त्या पर्कोलेटरवर अन्याय झाला असं वाटतं. ते बनवल्यामुळे बंदुका कमी पडल्या नाहीत, बंदुका मागवल्याच नव्हत्या. रिकाम्या मशिनवर काहीतरी चालू ठेवणं ही चूक कशी म्हणायची?

आणि दुसरं उदाहरण तर आपल्या दारात उभं होतं. इटलीची पियाज्जो कंपनी युद्धात विमानं बनवायची. पाँतेदेराचा कारखाना बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला, युद्ध हरल्यावर विमानं बनवायची सोय राहिली नाही. विमानांच्याच एका अभियंत्यानं, कोरादिनो दास्कानियोनं, १९४६ मध्ये व्हेस्पा काढली. त्याच व्हेस्पाचा परवाना घेऊन बजाजनं आपल्याकडे स्कूटर बनवल्या. जपानातही तेच: नाकाजिमा ही लढाऊ विमानांची कंपनी, तिच्यातून जे उद्योग झाले त्यांनी रॅबिट नावाची स्कूटर काढली आणि पुढे सुबारू गाड्या.

धुळेकर
बाबांची चेतक आठवली. पुढे मी उभा, मागे आई, तिच्या मांडीवर ताई. ती एका विमानवाल्याच्या डोक्यातून निघालेली गाडी होती हे आज कळलं!

तुमनं म्हननं खरं शे ताई. पण आमना धुयामा आनि अमळनेरमा मिलनं काय व्हयनं ते बी ध्यानमा ठेवा. प्रताप मिलचा भोंगा बंद झाला तेव्हा मशिनं भंगारात गेली आणि माणसं लॉरीवर, रिक्षावर, बाजार समितीत हमालीला. कापूस इथलाच, कामगार इथलाच, तरी कोणी वेळेवर वळण दिलं नाही. भोंगा बंद होणं काय असतं ते आम्हाला विचारा.

लघुउद्योजक जळगाव
धुळेकर भाऊ, त्याच अमळनेरचं दुसरं उदाहरण देतो. विप्रो तिथलीच. १९४५ ला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आयबीएम भारत सोडून गेली, ती जागा मोकळी दिसली आणि तुपाची कंपनी संगणकात गेली. खानदेशच्या मातीत वळण घेता येत नाही असं नाही.

आता माझा अनुभव. जळगाव एमआयडीसीत माझं छोटं शॉप आहे: दोन लेथ, एक मिलिंग, एक वायरकट, सात माणसं. काही वर्षं आमचं साठ टक्के काम एका सरकारी संरक्षण कारखान्याचं होतं, डाय आणि गेज (माप तपासायची साधनं). काम उत्तम, मोजमाप कडक, शिकायला मिळालं ते तिथंच. मग एका वर्षी टेंडर निघालंच नाही. दुसऱ्या वर्षी निघालं ते चौथा हिस्सा. आधीचं बिल चौदा महिने अडकलेलं. मी बायकोचे दागिने बँकेत ठेवून पगार केले. हे कोणाची तक्रार म्हणून लिहीत नाही. मोठ्या कारखान्याला सर्दी झाली की त्याच्या मागं उभ्या असलेल्या लहान शॉपला न्यूमोनिया होतो, आणि या चर्चेत आमची मोजदाद कुठंच नसते, म्हणून सांगतोय.

तगलो कसा? ठिबकच्या फिटिंगचे मोल्ड बनवायला लागलो. जळगावात पाइप, ठिबक, चटई यांचा पसारा मोठा आहे. डाय बनवणाऱ्याला मोल्ड बनवणं परकं नाही, पोलाद तेच, मिलिंग तेच, मायक्रॉनचा हिशेब तोच. माझ्या सातही पोरांना सहा महिन्यांत जमलं. त्याच वेळी माझ्या एका मित्रानं सौर पंपांच्या विक्रीची एजन्सी घेतली. त्याला धातू कळत होता, विक्री कळत नव्हती. दोन वर्षांत गुंडाळलं. वळायचं असेल तर हाताला जे येतं त्याच्या शेजारच्या घरात शिरावं, गावाबाहेर जाऊ नये, असं माझं मत झालंय.

इतिहासवेडी
लघुउद्योजक दादा, अगदी हेच अमेरिकेत घडलं. ग्रुमन कंपनी युद्धनौकांवरची लढाऊ विमानं बनवायची. युद्ध संपत आलं तेव्हा त्यांनी ॲल्युमिनियमच्या होड्या काढल्या. पत्रा वाकवणं, रिव्हेट मारणं, हलकं पण मजबूत करणं ही विमानाचीच कला. त्या होड्या कित्येक दशकं विकल्या गेल्या.

उलट व्हिएतनाम युद्धानंतर बोइंगच्या हेलिकॉप्टर विभागानं ट्राम बनवल्या, बॉस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोसाठी. दारं अडकायची, गाड्या सारख्या बंद पडायच्या, बॉस्टननं काही गाड्या घ्यायलाच नकार दिला. हेलिकॉप्टर दर काही तासांनी तपासणारी माणसं सोबत घेऊनच उडतं, ट्रामला रोज पावसात, गर्दीत, कमी देखभालीत धावावं लागतं. तो वेगळाच संसार.

केळीवाला रावेर
मग भुसावळ फॅक्टरीनं केळीच्या पेट्या कराव्यात की! दारूगोळ्याच्या पेट्या करतातच ना. रावेर-यावलची सगळी केळी त्यात भरू.

निवृत्त मशिनिस्ट
भो, लोखंडी पेटीत केळी घातली तर दिल्लीला पोचेपर्यंत शिकरण होईल.

केळीवाला रावेर
काका, हसलो खूप. पण मी मनापासून विचारलं होतं. आमच्याकडे निर्यातीची केळी पुठ्ठ्याच्या खोक्यात जाते, आत फोम आणि पिशवी. काढणीपासून पॅकहाउसपर्यंत घडाला धक्का लागला की साल काळी पडते आणि भाव पडतो. शेतात घड टांगून वाहून नेणारी हलकी केबलची व्यवस्था, धुण्याचे हौद, पिकवण्याच्या खोल्यांच्या चौकटी, हे सगळं लोखंडकामच आहे. बरीचशी यंत्रं आम्ही बाहेरून मागवतो. पत्र्याचं काम करणारा एवढा मोठा कारखाना तासाभराच्या अंतरावर असताना.

लघुउद्योजक जळगाव
केळीवाले भाऊ, हा मुद्दा पक्का आहे. अडचण एवढीच की सरकारी कारखान्याचा भाव शेतकऱ्याला परवडत नाही. त्यांच्या तासाच्या दरात सगळ्या इस्टेटीचा (कामगारांच्या वसाहतीचा), दवाखान्याचा, रिकाम्या शॉपचा खर्च येतो. तीच केबलची व्यवस्था माझ्यासारखा निम्म्यात करून देईल. त्यांच्याकडे असलेली मोठी प्रेस आणि तपासणीची प्रयोगशाळा आम्हाला भाड्यानं मिळाली, तर मात्र दोघांचंही भलं होईल.

यावलकर (सध्या इंग्लंड)
मी इंग्लंडात बारा वर्षं आहे, इथलं सांगतो, कारण आपल्या वरणगावचा जुळा भाऊ इथं आहे.

ब्रिटिशांच्याही रॉयल ऑर्डनन्स फॅक्टऱ्या होत्या, सरकारी. १९८५ मध्ये त्यांची कंपनी केली आणि १९८७ मध्ये ब्रिटिश एरोस्पेसला विकली. एनफील्डचा रायफलींचा कारखाना, ज्याच्या नावाची रायफल आपल्या पोलिसांच्या खांद्यावर इतकी वर्षं होती, तो विक्रीनंतर वर्षभरात बंद झाला. आज त्या जागी घरं आहेत. चोर्लीच्या दारूगोळा कारखान्याच्या जमिनीवर अख्खं नवं गाव वसलंय.

तगला तो रॅडवे ग्रीन. लहान शस्त्रांची काडतुसं बनवतो, म्हणजे वरणगावचंच काम. १९४० पासून चालू आहे. तो का टिकला? सैन्याला काडतुसं रोज लागतात, युद्ध असो नसो. सरावालाच किती जातात. तोफ एकदा घेतली की तीस वर्षं चालते, काडतूस उडालं की संपलं. तापीकाठ, हे तुमच्या मुलाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे.

अमेरिकेत शीतयुद्ध संपल्यावर वेगळा मार्ग निघाला. १९९३ मध्ये पेंटागॉनमध्ये एक जेवण झालं, त्याला पुढे 'अखेरचं भोजन' असं नाव पडलं. संरक्षण उपमंत्री विल्यम पेरी यांनी कंपन्यांच्या प्रमुखांना सरळ सांगितलं की एवढ्या सगळ्यांना पुरेल इतकं काम आता राहणार नाही. मग नॉर्थ्रॉपनं ग्रुमन घेतली, लॉकहीड आणि मार्टिन मॅरिएटा एक झाल्या, १९९७ ला बोइंगनं मॅकडोनेल डग्लस गिळली. नव्वदच्या दशकातले ५१ मोठे पुरवठादार पुढे पाचावर आले.

अर्थवाचक
आणि त्यात वाईट काय झालं? रिकामे कारखाने करदात्यानं का पोसायचे? काकांबद्दल आदर आहे, पण 'हात जातो' म्हणून लोड नसताना हजारो माणसांना पगार देत राहणं हा तोच पैसा सीमेवरच्या जवानाच्या जॅकेटमधून काढणं आहे. कात्री लागली की लहान व्हावं. घरात उत्पन्न घटलं की आपणही तेच करतो.

यावलकर (सध्या इंग्लंड)
अर्थवाचक, २०२२ पर्यंत मीही असंच म्हणत होतो. युक्रेनचं युद्ध पेटलं आणि युरोपकडे १५५ मिलिमीटरचे तोफगोळेच पुरेनात. अमेरिका तेव्हा महिन्याला साधारण १४,००० गोळे बनवत होती, युक्रेनमध्ये तेवढे काही दिवसांत उडत होते. लक्ष्य महिन्याला एक लाखाचं ठेवलं, पैसा हवा तेवढा ओतला, तरी वर्षं गेली. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनचा गोळ्यांचा कारखाना जुन्या रेल्वे इंजिन दुरुस्तीच्या शेडमध्ये आहे, भुसावळकरांना हे ऐकून आवडेल. मशिन विकत मिळतं, ते चालवणारा माणूस घडायला वेळ लागतो. काका म्हणाले तेच.

निवृत्त मशिनिस्ट
भुसावळचा वाफेच्या इंजिनांचा शेड मी लहानपणी पाहिलाय. कोळसा गेला, वीज आली, तीच माणसं शिकून इलेक्ट्रिक इंजिनांवर गेली. रेल्वेनं त्यांना घरी पाठवलं नाही, शिकवलं. अर्थवाचक साहेब, लहान व्हायला माझी ना नाही. पण घरात उत्पन्न घटलं म्हणून आपण बियाणं विकत नाही.

अर्थवाचक
बियाण्याचा मुद्दा मान्य. मग किती बियाणं ठेवायचं ते ठरवा आणि त्याचा खर्च उघडपणे संरक्षणाच्या खात्यात दाखवा. 'राखीव क्षमता' म्हणून. मला आक्षेप लपवलेल्या खर्चाला आहे.

जुना युनियनवाला
एवढं बोलणं झालं, कामगारांना कोणी विचारलं का? विचारलं तर काय होतं त्याचं एक उदाहरण आहे. १९७६, इंग्लंड, लुकास एरोस्पेस. नोकरकपात येणार हे दिसल्यावर कामगार प्रतिनिधींनी स्वतः बसून, शॉपशॉपमध्ये विचारून दीडशेच्या आसपास वस्तूंची यादी केली, ज्या त्याच मशिनवर त्याच माणसांना करता येतील: डायलिसिसची यंत्रं, हीट पंप, पवनचक्क्या, रस्ता आणि रूळ दोन्हींवर चालणारी बस. व्यवस्थापनानं ती बाजूला सारली. त्यातल्या हीट पंप आणि पवनचक्क्या आज जग विकत घेतंय.

आपल्याकडे २०१७ मध्ये अडीचशेहून जास्त वस्तू 'गाभ्याबाहेरच्या' ठरवल्या, म्हणजे सेनेनं त्या खुल्या बाजारातून घ्याव्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कारखान्यांच्या कंपन्या करण्याविरुद्ध आम्ही महिन्याभराचा संप पुकारला, आठवड्याच्या आत मागे घेतला. १ ऑक्टोबर २०२१ ला हे कारखाने चालवणारं सरकारी बोर्ड मोडून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या. वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियात, भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियात. शेजारची दोन गावं, दोन वेगळ्या कंपन्या. आमचा विरोध होता आणि तो मनापासून होता.

पण जे दिसतं ते सांगायला हवं. नव्या कंपन्यांना बाहेर ऑर्डर शोधायला मोकळीक मिळाली. देशाची एकूण संरक्षण निर्यात २०१३-१४ ला ६८६ कोटी होती, २०२४-२५ ला २३,६२२ कोटी. त्यात खासगी कंपन्यांचा वाटा मोठा आहे हेही खरं. दारूगोळ्याला जगात आज मागणी आहे. माझी भीती उद्याची आहे. युद्धं थांबली, म्हणजे थांबावीतच, तेव्हा या कंपन्यांकडे दुसरी यादी तयार असेल का? करोनात याच कारखान्यांनी काही आठवड्यांत मास्क, सॅनिटायझर, अंगभर घालायचे सूट काढून दाखवले. म्हणजे जमतं. फक्त संकट यायच्या आधी कोणी विचारत नाही.

ओझरवाला
मी खानदेशचा जावई, नोकरी नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे लढाऊ विमानांच्या सरकारी कंपनीत. आमच्याकडे मिग झाली, मग सुखोई. सुखोईची मोठी ऑर्डर संपत आली तेव्हा कँटीनमध्ये रोज हीच चर्चा, आता पुढे काय? मधल्या काळात दुरुस्ती आणि ओव्हरहॉलनं तारलं. विमान बनवून झालं तरी त्याची देखभाल चाळीस वर्षं चालते. मग डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंचा करार झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या लाइनवरचं पहिलं तेजस उडालं. त्या दिवशी मी डबा तसाच परत आणला, जेवण सुचलंच नाही.

तापीकाठ, नवीन बनवण्याइतकंच दुरुस्तीचं काम धरून ठेवा.

खानदेशकन्या
बायकांच्या बाजूनं लिहिते. ओव्हरटाइम बंद झाला की आधी भिशी मोडते. मग मुलीची क्लासची फी 'पुढच्या महिन्यात' जाते. मग शनिवारच्या बाजारात भाजीवाल्या मावशी आपल्याला विचारतात, काय गं, लोड नाही का? कारखान्यातली बातमी आधी भाजीबाजारात कळते. मी इस्टेटमध्ये वाढले. शाळा, मैदान, गणपती, सगळे प्रांतांतले शेजारी. आता कित्येक क्वार्टर रिकामे, अंगणात बाभळी. कारखाना काय बनवतो यावर तुम्ही बोलताय ते बरोबर, पण त्याच्याभोवती गाव बनलेलं असतं. यावलकरांनी एनफील्डच्या जागी घरं झाली म्हटलं तेव्हा पोटात कालवलं.

तापीकाठ
चार दिवस रोज रात्री धागा वाचला, वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला. पितळेच्या कपाचं आलं तिथं ते उठून बसले आणि म्हणाले, 'हा माणूस ॲनिलिंगला उभा राहिलेला आहे.'

घरातलं सांगतो. बायकोचा मुद्दा होता की आता पूर्वीसारखी कायमची नोकरी नाही. तो खरा आहे. म्युनिशन्स इंडियाच्या काही कारखान्यांत मुदतीवर भरती झालेली आम्हीही पाहिली. वडिलांचा मुद्दा होता की शिकायला याहून चांगली जागा नाही. लघुउद्योजक दादांनी तेच लिहिलंय. मग मुलगाच बोलला. म्हणाला, 'अप्रेंटिसशिप इथं करतो, टूलरूम, म्हणजे डाय-गेज बनवायचा विभाग, मिळावी म्हणून प्रयत्न करतो. डाय आणि गेज शिकलो की मग वरणगाव काय, जळगाव काय, चाकण काय.' आईनं मान हलवली. सध्या एवढ्यावर एकमत झालंय.

लघुउद्योजक दादा, वर्षभरानंतर सुट्टीच्या दिवशी तुमच्या शॉपवर त्याला पाठवला तर चालेल का?

लघुउद्योजक जळगाव
चालेल काय, पाठवाच. वायरकटवर बसवतो.

निवृत्त मशिनिस्ट
तापीकाठ, वडिलांना माझा नमस्कार सांग. ॲनिलिंगला अकरा वर्षं होतो, बरोबर ओळखलं. माझ्या तीन वह्या आहेत, डायच्या दुरुस्त्या, भट्टीचे ताव, कोणत्या वर्षी काय बिघडलं ते सगळं तारीखवार. माझ्या मुलांचा धंदा वेगळा, घरात त्या कोणाला लागत नाहीत. येत्या रविवारी पोराला घेऊन भुसावळला ये. वडिलांनाही आण, त्यांना अक्षर लागेल.